भीमगीत सगळ्यांच्या ओठांवर, मग गीतकाराचे नाव कुठे गेले?

जयंतीचे कोणतेही हँडबिल हातात घ्या. वर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली उद्घाटक, अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, मग उत्सव समितीचे तीस-चाळीस जण. अगदी तळाला एक ओळ असते: रात्री ८ वाजता भीम-बुद्ध गीतांचा बहारदार कार्यक्रम. गाणार कोण, हे बऱ्याचदा लिहिलेलेच नसते. लिहिले असेल तर एक नाव आणि पुढे ‘आणि पार्टी’. ढोलकीवाला, हार्मोनियमवाला, कोरसमध्ये उभ्या राहणाऱ्या दोन बायका, आणि ज्याने ती गाणी लिहिली तो कवी, हे सगळे त्या ‘पार्टी’त मावतात.

ही तळाची ओळ वाटते तितकी साधी नाही. कलाकाराला म्हातारपणी मानधन मिळेल की नाही, त्याच्या गाण्यावर यूट्यूबचे पैसे कोणाला जातील, तो गेल्यावर त्याच्या मुलांच्या हाती काय राहील, या सगळ्या गोष्टी त्याचे नाव कुठे लिहिले गेले याच्याशी बांधलेल्या आहेत. गाव-वस्तीत गाणाऱ्या, कोणत्याही मोठ्या कंपनीच्या पदरी नसलेल्या आपल्या कलाकाराचे जगणे समजून घ्यायचे असेल तर सुरुवात वामनदादांपासून करावी लागते.

वामन तबाजी कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. शाळेचे शिक्षण नाही. पोट भरायला मुंबईत आले, शिवडीच्या चाळीत राहिले, मिळेल ते काम केले आणि अक्षरे मोठ्या वयात गिरवली. १९४३ साली पहिले गाणे रचले, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवरचे विडंबन. तिथून पुढे साठ वर्षे हा माणूस गाणी लिहीत आणि गात गावोगाव फिरला. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले. किती गाणी लिहिली याचा पक्का हिशेब कोणाकडे नाही. आकडा हजारांत जातो. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ असे संग्रह निघाले. पण दादांची गाणी पुस्तकातून पसरली नाहीत. ती पसरली माणसांच्या तोंडून. एका गावात ऐकलेले गाणे दुसऱ्या गावातल्या पार्टीने उचलले, तिथून तिसऱ्या. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून चालत आलेली ही रीतच होती. गाणे ही वस्तू नव्हती, निरोप होता. निरोप पोहोचवणाऱ्याला कोणी पावती मागत नाही.

तरीही कवीने आपले नाव राखण्याची सोय करून ठेवली होती. शेवटच्या अंतऱ्यात ‘वामन’ हा शब्द ओवायचा. संतांच्या अभंगातली नाममुद्रा ती हीच. ज्या समाजात छापखाना हाताशी नाही, नोंदणी कार्यालय माहीत नाही, तिथे ही मुद्रा म्हणजेच सातबारा. गाणे कुठेही गेले, कोणीही गायले, तरी शेवटच्या अंतऱ्यापर्यंत पोहोचले की धन्याचे नाव ऐकू येणार.

ही सोय कुठे मोडली ते नीट पाहिले पाहिजे. मंचावरच्या कार्यक्रमात एक गाणे दहा-पंधरा मिनिटे चालायचे. ओळ परत परत घेतली जायची, मध्येच बक्षीस यायचे, बक्षीस देणाऱ्याचे नाव पुकारले जायचे, मग पुन्हा मुखडा. वेळ होता, म्हणून शेवटचा अंतरा यायचाच. कॅसेट आली आणि गाणे पाच-सहा मिनिटांत बसवावे लागले. नंतर डीजेच्या मिक्समध्ये मुखडा आणि एक अंतरा उरला. आता रीलमध्ये तीस सेकंद. गाणे कापताना पहिला घाव बसतो तो शेवटच्या अंतऱ्यावर, आणि कवीचे नाव नेमके तिथेच असते. प्रत्येक वेळी कोणी मुद्दाम चोरी केली असे नाही. (मुद्रेच्या जागी स्वतःचे नाव घालणारे महाभागही आहेत, पण त्यांच्याबद्दल काय बोलायचे.) बहुतेक वेळा ते फक्त लांबीचे गणित असते. परिणाम मात्र तोच. विशीतल्या मुलाला गाणे तोंडपाठ असते आणि ते कोणाचे आहे, हे ठाऊक नसते.

कायदा कोणाच्या बाजूने आहे?

आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे: समाजाची गाणी म्हणजे सगळ्यांची, त्यावर हक्क कसला? भावना म्हणून हे ठीक. कायदा तसे म्हणत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार गाण्याचे शब्द, गाण्याची चाल आणि गाण्याचे ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि तिन्हींचे मालक वेगवेगळे असू शकतात. शब्द आणि चाल यांवरचा हक्क निर्मात्याच्या हयातीत असतो आणि मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या गीतांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांच्या लेखनाची मुदत २०२९ अखेर संपते. विठ्ठल उमप २०१० साली गेले, त्यांनी लिहिलेल्या आणि चाली बांधलेल्या गाण्यांची २०७० अखेर. ही मालमत्ता आहे, घर-शेतीसारखी वारसांकडे जाणारी. कवीने लेखी करार करून ती कोणाला दिली असेल तर गोष्ट वेगळी.

हा हक्क मिळवायला नोंदणी सक्तीची नाही. गाणे कागदावर उतरले किंवा रेकॉर्ड झाले की हक्क निर्माण होतो. नोंदणी हा पुरावा असतो. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज करता येतो. गीतासाठी किंवा चालीसाठी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणासाठी २००० रुपये शुल्क आहे.

आता खरी मेख. ध्वनिमुद्रणाचा मालक कोण? कायद्याच्या भाषेत ‘निर्माता’, म्हणजे ते रेकॉर्डिंग करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याने घेतली तो. गायकाने स्वतःच्या खिशातून स्टुडिओचे भाडे दिले, वादकांना पैसे दिले, तर निर्माता तोच. पण आपल्याकडे काय होते? निवडणूक जवळ आली की एखादे भाऊ किंवा दादा गाण्याचा खर्च उचलतात, पोस्टरवर बाबासाहेबांपेक्षा मोठा स्वतःचा फोटो लावतात आणि गाणे त्यांच्याच कार्यकर्त्याच्या चॅनलवर चढते. कागद काहीच नसतो. पाच वर्षांनी ते गाणे गाजले की वाद सुरू. मदत घ्यायला हरकत नाही, पण मदत म्हणून दिले की निर्माता म्हणून दिले, एवढे एका ओळीत लिहून घ्यावे.

कंपनी किंवा चॅनलबरोबर व्यवहार होतो तिथे १९ वे कलम लक्षात ठेवण्यासारखे आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कोणते गाणे, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती रॉयल्टी, हे त्यात हवे. काळ लिहिला नसेल तर तो ५ वर्षे धरला जातो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणजे ‘कायमचे विकले’ असे जे तोंडी सांगितले जाते, त्याला आधार नाही.

२०१२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती आपल्या गीतकारांपर्यंत अजून पोहोचलेली नाही. गीतकार आणि संगीतकार यांनी ध्वनिमुद्रणासाठी हक्क देऊन टाकले तरी त्या मुद्रणाच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा त्यांना सोडता येत नाही. ‘एकरकमी ५ हजार घेतले, आता काही मागणार नाही’ असे लिहून दिले तरी ते कलम टिकत नाही. हा वाटा वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, कंपनीला नाही. अशी सोसायटी म्हणजे आयपीआरएस, १९६९ पासून मुंबईत असलेली गीतकार-संगीतकारांची संस्था. प्रसिद्ध झालेली गाणी दाखवून तिचे सभासद होता येते. चित्रपटवाले झाले आहेत. आपल्या भीमशाहिरांपैकी किती झाले आहेत, हे ज्याने त्याने आपल्या गावात विचारून पाहावे.

आणि नावाचा हक्क? तो ५७ व्या कलमात आहे. हे गाणे माझे आहे असे म्हणण्याचा आणि त्याची मोडतोड करून बदनामी होत असेल तर आक्षेप घेण्याचा हक्क. गाणे विकले तरी हा हक्क विकला जात नाही. कवीच्या पश्चात वारसांनाही तो बजावता येतो. मुद्रेचा अंतरा जे काम करत होता, तेच काम हे कलम करते. फरक इतकाच की अंतरा आपोआप ऐकू यायचा, कलम कोणीतरी वापरावे लागते.

एकतारी, मोबाइल आणि दुसऱ्याचे चॅनल

छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात आज कोणाला माहीत नाहीत? हातात एकतारी, पाठीशी कोणताही वाद्यवृंद नाही, आवाज मात्र थेट काळजात जाणारा. पतीच्या निधनानंतर दारोदार गाऊन त्यांनी मुले वाढवली. त्यांना ना कॅसेट कंपनीने पुढे आणले ना वाहिनीने. लोकांनी मोबाइलवर टिपलेल्या व्हिडिओंतून त्या घराघरांत पोहोचल्या. मोबाइलने आपल्या कलाकाराला दिलेली ही सर्वात मोठी गोष्ट आहे आणि ती कमी लेखू नये. मधला दलाल गेला.

पण याच वाटेवर एक नवा खड्डा आहे. कोणत्याही कार्यक्रमात समोर पन्नास मोबाइल उभे असतात आणि सकाळपर्यंत तेच गाणे दहा चॅनलवर असते. गायकाच्या स्वतःच्या चॅनलवर ते शेवटी येते, बऱ्याचदा येतच नाही, कारण त्याचे चॅनल मुलाने काढून दिलेले असते आणि पासवर्ड विसरलेला असतो. कायद्याने गायक-वादकांनाही हक्क आहे, ‘सादरकर्त्याचा हक्क’. मुदत ५० वर्षे. त्याच्या संमतीशिवाय त्याच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण करून त्यावर धंदा करता येत नाही. घरी बघण्यासाठी काढलेला व्हिडिओ चालतो. स्वतःच्या चॅनलवर टाकून जाहिरातीचे पैसे घेणे वेगळे. गायक-वादकांच्या रॉयल्टीसाठी इसम्रा ही स्वतंत्र संस्था आहे.

पैसे किती, हा पुढचा प्रश्न. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा हवा तर किमान १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास पाहणे (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यू) अशी अट आहे. त्यानंतरही खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत पैसे हातात येत नाहीत. भीमगीते एप्रिलमध्ये धोधो ऐकली जातात, ६ डिसेंबरच्या आसपास पुन्हा, आणि मधल्या काळात कमी. त्यामुळे एका गाण्यावर वर्षभराचे घर चालेल हे स्वप्न आहे. दहा चॅनलवर विखुरलेले तास एका चॅनलवर असते तर निदान अट तरी पुरी झाली असती. एवढ्यासाठी सांगणे: आवडत्या गायकाचे गाणे उचलून आपल्या चॅनलवर टाकू नका, त्याच्या चॅनलची लिंक पाठवा. प्रेमाने केलेली चोरीही त्याच्या ताटातलीच असते.

अजून एक अडचण आहे, जी वामनदादांच्या पहिल्या गाण्यापर्यंत मागे जाते. गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर भीमगीत बांधायचे, ही आपली जुनी आणि हुशार युक्ती. चाल लोकांच्या कानात आधीच बसलेली असते, शब्द लगेच पकडले जातात. रात्री ऐकलेले गाणे सकाळी नाक्यावर सुरू. पण यूट्यूबचे यंत्र, ज्याला कंटेंट आयडी म्हणतात, ते शब्द पाहत नाही. ते ध्वनी आणि चाल जुळवते. चाल सिनेमाची निघाली की गाण्यावर दावा लागतो आणि जाहिरातीचे पैसे सिनेमाच्या संगीत कंपनीकडे वळतात. शब्द तुमचे, आवाज तुमचा, पैसे त्यांचे. आणि कायद्याने त्यांची बाजू पूर्ण खोटीही नाही, कारण चाल खरोखरच दुसऱ्या संगीतकाराची असते. मंचावर गाताना जे चालून गेले ते ऑनलाइन चालत नाही. लोकपरंपरेतल्या चाली, जशा ओवी, पोवाडा, गोंधळ, कोणाच्याच मालकीच्या नाहीत. नवीन मुलांनी तिकडे वळावे, किंवा सरळ स्वतःची चाल बांधावी.

चाल स्वतःची असूनही दावा आला तर घाबरून व्हिडिओ काढून टाकायचा नाही. दावा आणि स्ट्राइक यांत फरक आहे. दाव्यात चॅनलला धोका नसतो, फक्त पैसे वळतात. त्यावर हरकत नोंदवता येते आणि समोरच्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर नाही आले तर दावा सुटतो. स्ट्राइक मात्र गंभीर. ९० दिवसांत तीन झाल्या की चॅनल बंद होते. काही वेळा आपणच दुसऱ्या कोणाकडून विकत घेतलेला तयार ट्रॅक वापरलेला असतो आणि तो ट्रॅक आधी दहा जणांना विकलेला असतो. स्टुडिओवाल्याला हे आधी विचारावे.

मंडपाचे पैसे आधी, गाण्याचे नंतर

हे सगळे झाले तरी आपल्या कलाकाराचे मुख्य उत्पन्न आजही सुपारीवर आहे, म्हणजे ठरलेल्या कार्यक्रमावर. १ जानेवारी, १४ एप्रिल आणि त्यानंतर महिनाभर चालणाऱ्या जयंत्या, बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, मधे मंगल परिणय, वाढदिवस, पुण्यानुमोदन. एप्रिलमध्ये एका रात्रीत दोन कार्यक्रम आणि पावसाळ्यात हाताला काम नाही. म्हणून दिवसा रिक्षा, बिगारी, सफाई खात्यातली ठेकेदारीची नोकरी, आणि रात्री गाणे. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे लाऊडस्पीकर रात्री १० ला बंद करावा लागतो. सरकार वर्षातले मोजके दिवस ठरवून १२ पर्यंत सूट देते. भाषणे लांबली की कात्री गाण्यालाच लागते. साडेनऊला माइक मिळालेला गायक अर्ध्या तासात काय गाणार? आणि मग समितीतला कोणीतरी म्हणतो, अर्धाच कार्यक्रम झाला, पैसे थोडे कमी करू.

मंडपवाल्याला, डीजेवाल्याला, लाइटवाल्याला कोणी असे म्हणत नाही. त्यांचा अर्धा इसार आधी दिलेला असतो. गायकाला ‘आपलाच माणूस’ म्हटले जाते, शाल आणि गुलाबपुष्प दिले जाते आणि उरलेले ‘दोन दिवसांत पोचवतो’. आपला माणूस असल्यामुळेच तो तगादा लावत नाही. समितीच्या जमाखर्चात गायन पार्टी हा खर्च मंडपाच्या वर लिहिला आणि निम्मी रक्कम कार्यक्रम ठरतानाच हातात दिली, तर बाकी काही न करता बरेच बदलेल. भाषणांआधी गाणे ठेवले तर आणखी बदलेल. लोक गाण्यासाठीच येतात, हे आयोजकांनाही ठाऊक असते.

राहिला प्रश्न म्हातारपणाचा. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे. पूर्वी अ, ब, क अशा श्रेणी होत्या आणि रक्कम वेगवेगळी होती. २०२४ पासून सरसकट महिना ५००० रुपये मानधन झाले. वय ५० पूर्ण आणि कलेच्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचे काम, या मुख्य अटी; उत्पन्नाची मर्यादाही आहे. ५० वर्षे डफ वाजवलेला आपला म्हातारा इथेच अडकतो, कारण १५ वर्षांच्या कामाचे पुरावे मागितले जातात. कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणे, संस्थांची प्रमाणपत्रे. त्याने हजार कार्यक्रम केले, पण एकाही हँडबिलावर त्याचे नाव नाही. फक्त ‘भीम-बुद्ध गीतांचा बहारदार कार्यक्रम’.

हे काम तरुणांना करता येण्यासारखे आहे आणि त्याला निधी लागत नाही. ज्या मंडळांनी, विहारांनी, समित्यांनी त्या कलाकाराला बोलावले, त्यांच्या लेटरहेडवर तारीख, ठिकाण आणि नाव घालून पत्रे गोळा करायची. जुने फोटो शोधायचे. फोटोमागचा बॅनर वाचता येत असेल तर त्यावर वर्ष असते. अर्ज भरून द्यायचा आणि निवड समितीपुढे तो गेला की नाही याचा पाठपुरावा करायचा. पुढच्या हँडबिलावर गायक, वादक आणि कोरस सगळ्यांची नावे पूर्ण छापायची. त्यासाठी प्रमुख पाहुण्यांतले दोघे-तिघे कमी झाले तरी चालतील.

आणि त्याच्या वह्या. प्रत्येक जुन्या शाहिराकडे एक पत्र्याची पेटी असते, त्यात गाण्यांच्या वह्या आणि बुरशी लागलेल्या कॅसेट. घर गळते, पेटी हलते, माणूस जातो आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत वह्या रद्दीत जातात. मोबाइलने एकेका पानाचा फोटो काढायला एक दुपार लागते. फोटो त्याच्याच मुलांच्या फोनमध्येही ठेवावेत, कारण मालकी त्यांची आहे. तो गाऊ शकत असेल तर त्याची परवानगी घेऊन त्याच्याच चॅनलवर गाणे रेकॉर्ड करावे आणि खाली गीतकार, चाल, गायक, ढोलकी, हार्मोनियम, गाव, तारीख लिहावी. गाणे कितीही लांबले तरी शेवटच्या अंतऱ्यापर्यंत कॅमेरा बंद करू नये.